दोन किल्ल्यांचा संगणक

"याला कुलूपच नाही?" किल्लीदारांनी वर्तमानपत्र बाजूला टाकत विचारलं. "म्हणजे वर्षभर हा संगणक असाच उघडा पडलाय?"

"उघडा कसला? मी चालू करते, काम करते, बंद करते," त्यांची बायको म्हणाली. तिचं लक्ष पडद्यावरच्या फोटोत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, पंचाहत्तरावा वाढदिवस होता. त्यासाठी तिने महिनाभर खपून जुन्या फोटोंची एक फिल्म तयार केली होती. दादाच्या अर्ध्या चड्डीपासून टकलापर्यंत सगळा प्रवास त्यात होता आणि मागे तिने स्वतः म्हटलेलं गाणं होतं.

"अगं, इथे छापलंय. घरबसल्या लोकांचे संगणक लुटतायत! आणि तू एवढ्या मेहनतीचा ऐवज असा उघड्यावर ठेवतेस?"

"दादाचं टक्कल कोण चोरणार आहे?"

पण किल्लीदारांना ते पटण्यासारखं नव्हतं. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते बँकेत हेड कॅशियर होते आणि तिजोरीची एक किल्ली आयुष्यभर त्यांच्या कमरेला होती. दुसरी मॅनेजरकडे असे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, एकाची किल्ली दुसऱ्याने बघायची नाही, डुप्लिकेट किल्ल्या दुसऱ्या शाखेत ठेवायच्या आणि विश्वास कोणावरही ठेवायचा नाही, असा तिथला शिरस्ता. नोकरी संपली, किल्ली परत केली, पण शिरस्ता त्यांनी घरी आणला. दार लावायचं तर बायकोने शेजारी उभं राहून बघितलंच पाहिजे. घराची जादा किल्ली दादाकडे असे. तिला ते "दुसऱ्या शाखेतली" म्हणत.

तेव्हा संगणकाला राखणदार हवा हे ठरलं. कोणता, हा प्रश्न घेऊन ते वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे गेले.

"काका, माझ्या दवाखान्यात आहे तोच घ्या," दंतवैद्य म्हणाला. "एकदा टाकला की विसरून जायचं. तो गुपचूप काम करतो."

"विसरून जायचं म्हणे!" खाली आल्यावर किल्लीदार उखडले. "सुरक्षा ही काय विसरायची गोष्ट आहे? हा दाढेत कापूस ठेवूनही विसरत असेल!"

मग त्यांनी साडूंना फोन लावला. साडू प्रत्येक बाबतीत सल्ला देत आणि दुसऱ्याचा सल्ला खोडूनच सुरुवात करत.

"दंतवैद्य सांगतो तो? अहो, तो झोपाळू आहे! माझा घ्या. साधी माशी बसली तरी बोंब मारतो."

किल्लीदारांनी दोन्हींच्या अटी वाचायला घेतल्या. त्या अटी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा जगातला हा बहुधा एकमेव माणूस. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"ऐक! 'कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही!' दुसराही तेच म्हणतो! अगं, चोरी झाली तर माझा संबंध नाही, असं पहिल्याच दिवशी लिहून देणाऱ्या वॉचमनला कोणी दारात उभं करेल का?"

"मग नका घेऊ."

"का नको? दोन्ही घ्यायचे! एकट्या राखणदारावर भरवसा टाकायचाच नाही. हा त्याच्यावर नजर ठेवेल, तो ह्याच्यावर."

संध्याकाळपर्यंत दोन्ही राखणदार संगणकात रुजू झाले. दुसऱ्याने, म्हणजे साडूंच्या राखणदाराने, आल्या आल्या सांगितलं, की इथे आधीच एक सुरक्षा प्रोग्राम आहे, तो काढून टाकावा. किल्लीदार खूश झाले. "बघ, पाऊल ठेवल्याबरोबर पहिल्याची चुगली! कामाचा माणूस दिसतोय." आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

पहिल्यात तर चक्क 'तिजोरी' नावाची सोय निघाली. महत्त्वाच्या फायली आत टाकायच्या आणि पासवर्डने बंद करायच्या. बायकोची फिल्म ताबडतोब तिजोरीत गेली. पासवर्डचा अर्धा भाग किल्लीदारांनी टाकला, तेव्हा बायकोने भिंतीकडे तोंड केलं. उरलेला अर्धा बायकोने टाकला, तेव्हा त्यांनी केलं.

"आणि तुझी अर्धी किल्ली कोणाला सांगायची नाही," त्यांनी बजावलं. "मलासुद्धा नाही. मी पाया पडलो तरी नाही."

"तुम्ही पाया पडताय, ते तरी बघायला मिळेल," असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली. पुढे संगणकाने एक सुरक्षा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर किल्लीदारांनी एकट्यानेच भरलं आणि समाधानाने संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकून दोघं तिजोरी उघडायला बसली. आळीपाळीने भिंतीकडे तोंडं झाली, पासवर्ड टाकून झाला आणि संगणक म्हणाला, चूक.

"तुझी अर्धी चुकली," किल्लीदार म्हणाले.

"माझी? तुमचीच चुकली असेल!"

"माझी किल्ली आयुष्यात कधी चुकलेली नाही!"

"मग तुमची बँक रोज उघडायची ती मॅनेजरमुळे."

पुन्हा टाकलं, पुन्हा चूक. आता एकमेकांच्या स्मरणशक्तीवरून प्रकरण तिच्या माहेरावर आणि त्यांच्या खानदानावर गेलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात दुसऱ्या राखणदाराची चिठ्ठी झळकली. एक संशयास्पद खिडकी गुपचूप पासवर्ड मागत होती, तिच्यापर्यंत तो आपण एकदाही धड पोचू दिला नाही, असं त्याने मोठ्या अभिमानाने कळवलं होतं.

"हाच! हाच घरभेदी!" किल्लीदार ओरडले आणि त्यांनी साडूंना फोन लावला.

"दोन्ही टाकलेत?" साडू फोनवर किंचाळले. "अहो, एका म्यानात दोन तलवारी राहतात का? दंतवैद्याचा काढून टाका!"

किल्लीदारांनी रागाच्या भरात साडूंचाच काढायला घेतला. निघताना त्या राखणदाराने लांबलचक काहीतरी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच किल्लीदारांनी न वाचता 'हो' दाबलं. "चालता हो! आल्यापासून नुसते प्रश्न!"

आता पहिल्या राखणदाराला रान मोकळं झालं. पण इतक्या चुका झाल्यावर त्यालाही घरमालकाचाच संशय यायला लागला होता. पासवर्ड चालणार नाही, सुरक्षा प्रश्नाचं उत्तर द्या, असं त्याने बजावलं. प्रश्न होता, 'तुमचा सर्वांत जास्त विश्वास कोणावर आहे?'

किल्लीदारांनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला. उत्तर त्यांना पाठ होतं.

"इश्श, एवढंच ना?" बायकोचा चेहरा त्या दुपारी पहिल्यांदा उजळला. त्यांना काही बोलायची संधी न देता तिने कीबोर्ड ओढला आणि स्वतःचं नाव टाकलं.

चूक.

"बरोबर, मला तुम्ही कुठे नावाने हाक मारता?" असं म्हणत तिने लाडाचं नाव टाकलं. लग्न नवं असताना ते तिला त्या नावाने हाक मारत. तेही चूक निघालं. आता एकच संधी उरली होती.

"तू जरा बाहेर जा," किल्लीदार हळूच म्हणाले. "मी बघतो."

"का म्हणून? दोन माणसं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही, हा नियम कोणाचा?"

नियम त्यांचाच होता. तिची पापणी हलत नव्हती. किल्लीदारांनी एकेक अक्षर शोधत, मान खाली घालून टाकलं: कोणावरही नाही.

तिजोरी झटकन उघडली.

"वा," बायको म्हणाली.

"अगं, ते बँकेच्या शिरस्त्याप्रमाणे..."

"कळलं. आख्खा संसार झाला, पोरीचं लग्न झालं, तुमच्या आईचं आजारपण मी काढलं. आणि कोणावरही नाही."

"तो प्रश्न तांत्रिक होता गं."

"उत्तर नव्हतं."

किल्लीदारांना मनापासून वाईट वाटलं. निदान फिल्म तरी तिच्या हातात ठेवावी म्हणून त्यांनी तिजोरीत पाहिलं, तर आत शुकशुकाट. खाली पहिल्याने दुसऱ्याची सगळी चुगली लिहून ठेवली होती: साडूंच्या राखणदाराने फिल्म आधीच जप्त केली होती. कुलूपबंद फाइल, आतलं दिसत नाही, म्हणजे आत काहीतरी काळंबेरं असणार, असा त्याचा हिशेब. आणि जाताना त्याने विचारलं होतं, की जप्त केलेला माल कायमचा नष्ट करू का? त्यालाच किल्लीदारांनी 'हो' म्हटलं होतं.

"कुंपणानेच शेत खाल्लं!" ते मटकन खुर्चीत बसले. "चोर परवडला असता गं! त्याने पैशाअडक्याचं काही शोधलं असतं, दादाच्या फोटोंना हातही लावला नसता. तुझी महिन्याची मेहनत मी घालवली. आता दादाला काय तोंड दाखवू?"

बायकोने कपाट उघडलं. आतून साडी काढत म्हणाली, "उठा, कपडे बदला. फिल्म वहिनीकडे आहे."

"वहिनीकडे?"

"पेन ड्राइव्हवर. परवाच देऊन आले. डुप्लिकेट दुसऱ्या शाखेत ठेवायची असते ना?"

"मग दुपारपासून मला का नाचवलंस? आधी सांगायचं नाही?" किल्लीदार पुन्हा तापले.

"सांगणारच होते. तेवढ्यात तो प्रश्न आला. म्हटलं, उत्तर बघून सांगते."

संध्याकाळी फिल्म झाली. दादा डोळे पुसत होता, लोक बायकोचं गाणं पुन्हा लावायला सांगत होते. साडू प्रत्येकाला एका म्यानातल्या दोन तलवारी समजावत होते.  येताना बायको किल्लीदारांच्या चार पावलं पुढेच चालत राहिली. घरी आल्यावर दार मात्र तिने शेजारी उभं राहून नियमाप्रमाणे लावून घेतलं.

सकाळी उठल्या उठल्या किल्लीदार संगणकापुढे बसले. सुरक्षा प्रश्नाचं जुनं उत्तर त्यांनी खोडलं आणि तिथे बायकोचं नाव टाकलं. लगेच लाल अक्षरं उमटली: 'हे उत्तर फारच सोपं आहे. तुम्हाला ओळखणारा कोणीही ते सहज सांगू शकेल.'

"सोपं?" त्यांचा संताप अनावर झाला. "नालायका! हे उत्तर द्यायला माझं आयुष्य गेलं, आणि तुला सोपं वाटतं?"

आरडाओरडा ऐकून बायको हात पुसत आली. तिने पडद्यावर वाचलं.

"सांगा त्याला," ती म्हणाली, "तुम्हाला सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या बाईने काल हेच टाकलं होतं. चुकलं."

किल्लीदारांनी घाईघाईने 'तरीही हेच ठेवा' दाबलं. बदल पक्का करायला पासवर्ड हवा होता. त्यांनी आपला अर्धा टाकला आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. बायकोने खुर्ची ओढली, पण बोटं हलेनात.

"टाक ना."

"तोंड फिरवा."

"आता कशाला गं? आता तर माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. लेखी दिलाय!"

"तुमचा आहे हो," ती म्हणाली. "माझं अजून ठरायचंय. फिरवा."

किल्लीदारांनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं.