दोनशे चौदा पहिले नंबर

जळगावातल्या एका कार्यालयाने यंदा जिल्हास्तरीय भरीत स्पर्धा घेतली. स्पर्धक दोनशे चौदा, परीक्षक तीन, बक्षीस म्हणून एक पितळी परात. परीक्षकांनी प्रत्येकाचा एकेक घास खाल्ला, गुण दिले आणि दोन दिवसांची वैद्यकीय रजा टाकली.

प्रमाणपत्रं छापायचं काम कंत्राटी संगणक सहायक मेघा बाविस्करकडे आलं. हाताने टाइप करत बसण्यापेक्षा तिने 'आर' या संगणकभाषेत चार ओळी लिहिल्या. ठरलेला मजकूर आणि यादीतलं नाव-गुण 'पेस्ट'ने जोडायचं, 'प्रिंट'ने छापायचं. छपाई सुरू करून ती डबा खायला गेली. परत आली तोवर शिपायाने गठ्ठा साहेबांकडे नेलाही होता. मशीनवर राहिलेला शेवटचा कागद तिने उचलला:

[1] "दीपमाला पाटील, पिंप्राळा यांना 100 पैकी 31 गुण"

मेघाने जीभ चावली. 'प्रिंट' ओळीच्या आधी कंसात स्वतःच्या मोजणीचा आकडा टाकतं, हे ती विसरली होती. ती धावतच आत गेली. समन्वयक योगराज सोनवणे सह्या करत होते. सही करताना ते वाचत नसत. वाचलं की सही बिघडते, असा त्यांचा अनुभव होता.

"सर, सगळ्यांच्याच प्रमाणपत्रावर तो कंसातला एक चुकून आलाय, पहिला नंबर वाटतो. 'प्रिंट'ऐवजी 'कॅट' वापरलं की जाईल."

"कॅट म्हणजे मांजर ना?"

"हो, पण सर..."

"शासकीय प्रमाणपत्रात मांजर नको. जावक क्रमांक पडलेत. वाटून टाका."

समारंभात निवेदकाने प्रथम क्रमांकाच्या विजेत्याला मंचावर बोलावलं. दोनशे चौदा जण उठले. मंच करकरला, एक समई आडवी झाली, पण शिस्त मोडली नाही. सगळे पहिले होते, त्यामुळे रांगेत कोणी कोणाच्या मागे उभं राहायला तयार नव्हतं. अमळनेरच्या नवलचं भरीत करपलं होतं, त्याला सात गुण होते. त्याच्या घरच्यांनी फटाक्यांची माळ लावली. "सातात पहिला आलो," तो सगळ्यांना सांगत होता, "पास झालो असतो तर काय झालं असतं!"

आपलं नाव अवतरणचिन्हांत पाहून तर अनेकांना गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी अमळनेरहून एसटीने मंजुळाबाई सोनवणे साहेबांकडे आल्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून त्यांनी चौऱ्याण्णव गुण मिळवले होते. त्यांच्याहून जास्त गुण कोणालाच नव्हते.

"भाऊ, मी पहिली शे ना?"

"अर्थात, अक्का. प्रमाणपत्रावर आहे."

"नवल बी पहिला शे?"

"तेही पहिलेच."

"नवल बी, मी बी, बठ्ठाच पहिला शेतस, मंग मी कोन शे?"

साहेबांनी फाइल चाळली. "पहिल्यांपैकी एक. परात दीड-दीड दिवस सगळ्यांकडे फिरेल. तुमची पाळी सात महिन्यांनी."

जिन्यात मेघाने त्यांना गाठलं. "अक्का, चूक माझी आहे. खऱ्या पहिल्या तुम्हीच." तसं तिने लेखीही दिलं. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. त्याच्यावर सही करायची नव्हती.

"चूक मानली तर दोनशे तेरा कुटुंबांचा अवमान होतो. आणि तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतं. बरोबर?"

शेवटी मधला मार्ग निघाला. सूचना लागली: ज्यांना आपला प्रथम क्रमांक चुकीचा वाटतो, त्यांनी सात दिवसांत प्रमाणपत्र परत करावं.

सहा दिवस कोणी फिरकलं नाही. सातव्या दिवशी मंजुळाबाई आल्या. त्यांनी प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. "असा पहिला नंबर माले नको," त्या म्हणाल्या आणि रीतसर पोच घेऊन गेल्या.

संध्याकाळी साहेबांनी मेघाला टिपणी सांगितली: "चौकशीअंती केवळ एका स्पर्धकाचा क्रमांक चुकीचा आढळला. संबंधितांनी तसे स्वतः मान्य केले आहे. सबब श्रीमती मंजुळाबाई यांना वगळून उर्वरित दोनशे तेरा प्रथम क्रमांक कायम करण्यात येत आहेत." मेघाने ती टाइप केली. एकही चूक झाली नाही.

दोनशे तेरा प्रमाणपत्रं फ्रेममध्ये गेली. पाहुणे भिंतीवरच्या फ्रेममधले गुण वाचायला जवळ जात नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुमच्याही बैठकीत एक लावलेली आहेच.