एकवीस प्रश्नांची वही

बाइंडरला कर्ज हवं होतं, आणि ते बँकेतून घ्यावं की पतसंस्थेतून, हे तो गेले दोन महिने ठरवत होता. जेवणाच्या टेबलावर एक मोठा कागद कायमचा पसरलेला असे. मधोमध रेघ, डावीकडे बँक, उजवीकडे पतसंस्था. जेवणं उरकली की तो एका बाजूला एक ओळ लिही आणि दुसऱ्या बाजूला वाईट वाटू नये म्हणून तिकडेही एक शोधून काढी. बँकेचं व्याज पाव टक्क्यानं कमी. पतसंस्था दोन गल्ल्यांनी जवळ. बँक मोठी, म्हणजे बुडणार नाही. पतसंस्था छोटी, म्हणजे बुडायला लागली तर निदान आपल्याला आधी कळेल. कागद भरला तेव्हा त्यानं खाली दुसरा चिकटवला. चिकटवण्यात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

"आता याचीही बांधणी करून टाका," बायको ताटं उचलत म्हणाली. "पाठीवर सोनेरी अक्षरात नाव घाला."

"अगं, घाईघाईत काही ठरवलं आणि मग..."

"घाई कोण म्हणतंय? लग्नाचं विचारलं तेव्हा तुम्ही पाच आठवडे घेतले होतेत."

"पण होकार कळवायला आलो ना शेवटी."

"तुमची आई आली होती."

बाइंडरनं हे खोटं आहे असं म्हटलं नाही, कारण खोटं नव्हतं. आपल्या डोक्यात एक म्हातारा कारकून बसलेला आहे आणि तो प्रत्येक कागद तीनदा वाचल्याशिवाय पुढे सरकवत नाही, हे त्याला ठाऊक होतं. गिऱ्हाइकानं 'कापड कुठलंही चालेल' म्हटलं की त्याचं काम अडून बसे. कुठलंही म्हणजे नेमकं कुठलं, यात त्याच्या कित्येक दुपारी गेल्या होत्या.

कर्ज हवं होतं ते कटिंग मशीनसाठी. सत्तावीस वर्षं तो लोखंडी पट्टी दाबून धरून जाड सुऱ्यानं वह्यांच्या कडा कापत आला होता. कागद म्हणे दोरा आण, दोरा म्हणे खळ आण, खळ म्हणे पुठ्ठा आण, आणि सगळ्यांचं सगळं आणून झालं की शेवटी कड म्हणे खांदा आण. तो खांदा आता देईना. सकाळी शर्टाची बाही चढवताना बायको मदत करी. इस्पितळाची सातशे रजिस्टरं बांधायचं काम हाती होतं. पलीकडच्या रस्त्यावरचा छापखानेवाला धंदा बंद करून मुलीकडे राहायला निघाला होता. त्याचं मशीन जुनं, पण पातं असं की गठ्ठा खाली ठेवावा, चाक फिरवावं, आणि लोण्यातून दोरा जावा तशी कड सुटावी.

"महिनाअखेरपर्यंत थांबतो," छापखानेवाल्यानं बजावलं होतं. "मग दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

महिना लागून सात दिवस झाले तसा बाइंडर आधी बँकेत गेला. आत गारवा होता, काचा होत्या, आणि आकडा छापलेली एक चिठ्ठी हातात मिळाली. कर्जाच्या टेबलावरचे साहेब फार गोड बोलले. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद लागतील, जुन्या मशीनला सहसा कर्ज देत नाहीत, तरी आपण प्रयत्न करू, फाइल वर पाठवू, असं ते म्हणाले. 'वर' म्हणताना त्यांनी छताकडे पाहिलं. बाइंडरनंही पाहिलं. तिथे एक पंखा होता.

मग तो पतसंस्थेत गेला. बेकरीच्या माडीवर दोन खोल्या, आणि जिन्यापासूनच पावाचा वास. सचिवबाईंनी मान वर न करताच विचारलं, "या, खांदा कसा आहे?"

बाइंडर चपापला. बँकेत त्याला कोणी ओळखत नव्हतं म्हणून वाईट वाटलं होतं, इथे सगळे ओळखतात म्हणून भीती वाटली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्याशिवाय सगळ्यांनी. मशीन घ्यायचंय ना? सभासद व्हा, अर्ज करा, दहा दिवसांत काम होईल."

"पण मला आधी काही शंका आहेत. पैसे कोण तपासतं? संचालक कसे नेमतात? उद्या काही झालं तर..."

"रविवारी वार्षिक सभा आहे," सचिवबाई म्हणाल्या. "तिथे विचारा. मला आत्ता पासबुकं भरायची आहेत."

बाइंडर सभासद झाला. त्यात त्यानं फार विचार केला नाही, कारण शंका विचारायला सभासद होणं भाग होतं, आणि शंका विचारल्याशिवाय त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. घरी येऊन त्यानं प्रश्न काढले. एकवीस निघाले. सुटे कागद सभेत बरे दिसणार नाहीत म्हणून त्यानं त्यांची वही शिवली आणि वर निळं कापड चढवलं. निळं की करडं, यात शनिवार गेला.

सभेला एकोणीस माणसं आली होती. दर वर्षी ही सभा पंधरा मिनिटांत आटपत असे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांना सगळे सर म्हणत. सरांनी अहवाल वाचला, 'कोणाला काही विचारायचंय का' असं दर वर्षीप्रमाणे म्हटलं, आणि दर वर्षीप्रमाणे चष्मा घडी करून खिशात ठेवला. तेवढ्यात मागच्या रांगेत निळी वही उघडली.

चौथ्या प्रश्नाला सरांनी चष्मा पुन्हा काढला. सातव्याला पाणी मागवलं. अकरावा प्रश्न होता, संचालक स्वतःच स्वतःला कर्ज वाटून घेतात का.

"छे, छे. आमच्याकडे तसं कोणी करत नाही," सर म्हणाले.

"करत नाही ते ठीक. पण करता येत नाही असं कुठे लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. सचिवबाईंनी लिहून घेतलं. बारावा प्रश्न, राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी कर्ज घेतलं तर? तेही लिहिलं गेलं, वर्षभर बंदी. तेरावा, ज्या अर्जाशी संचालकाचा संबंध असेल त्यावर चर्चा चालू असताना तो तिथेच बसून राहिला तर? त्यानं खोलीबाहेर जावं, असं ठरलं. बाइंडरला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपल्या शंकांचा जगाला उपयोग आहे. त्याचा आवाज जरा चढला. त्यानं खांदाही विसरून हात हलवला.

सतराव्या प्रश्नाला संचालकांतला बेकरीवाला उभा राहिला. त्याच्या कोपरापर्यंत पीठ होतं. "सर, माझी खाली भट्टी पेटलीय. एक सुचवतो. चपलांच्या दुकानवाल्या काकांनी राजीनामा दिलाय, त्यांची जागा मोकळीच आहे. या बाइंडरभाऊंना संस्थेची एवढी काळजी आहे, तर यांनाच घ्या की संचालक म्हणून. उरलेले चार प्रश्न ते आतून विचारतील."

सभेत एकदम जीव आला. सरांनी मोठ्या आशेनं विचारलं, "काय बाइंडर, काही हरकत?"

आता हरकत होतीच. पण बाइंडरची रीत अशी की प्रश्न आला की तो आधी डोक्यातल्या कारकुनाकडे जाई. कारकून चष्मा पुसे, कागद उजेडाकडे धरी. हे सगळं होईपर्यंत बाइंडर खाली मान घालून उभा राही. तो तसाच उभा राहिला. सभेला तो विनय वाटला. टाळ्या पडल्या, दाराशी काढलेल्या चपला हलल्या, आणि बाइंडरनं 'मी जरा विचार करून' एवढं म्हणेपर्यंत समोर सचिवबाई आणि दोन रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या.

"झालं मशीनचं काम?" बायकोनं दारातच विचारलं.

"मला संचालक केलं."

"मी मशीनचं विचारलं."

"आता ते सोपंच झालं ना. आपलीच संस्था म्हटल्यावर."

दुसऱ्या दिवशी आपल्याच संस्थेत तो कर्जाचा अर्ज घेऊन गेला. सचिवबाईंनी अर्ज पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर नवाकोरा कागद चिकटवला होता. संचालकांना कर्ज मिळणार नाही.

"हे कधी लावलं?"

"सकाळी. तुम्हीच म्हणालात ना, लेखी पाहिजे, दिसेल असं पाहिजे."

"मग मी राजीनामा देतो."

"खालची ओळ वाचा."

बाइंडरनं खालची ओळ वाचली. वर्षभर बंदी. शब्द त्याचेच होते, स्वल्पविरामासकट. कागदाचा एक कोपरा मात्र सुटला होता. तो त्यानं अंगठ्यानं नीट दाबून बसवला, कारण सवय.

तिथून तो थेट बँकेत गेला. साहेब तेवढेच गोड होते. अर्ज भरता भरता त्यांनी विचारलं, "इतर कुठल्या संस्थेत एखाद्या पदावर आहात?"

खोटं बोलायचं तर आधी ठरवावं लागतं. तेवढा वेळ नव्हता. "पतसंस्थेचा संचालक आहे."

"अरे वा. कधीपासून?"

"कालपासून."

"मग कर्ज तिथूनच का नाही घेत?"

"तिथे मला देत नाहीत."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी बाइंडरकडे पाहिलं, मग अर्जाकडे. "म्हणजे तुम्ही ज्या संस्थेचे संचालक आहात, ती तुम्हाला कर्ज देत नाही."

"तसा नियमच आहे. मीच करायला लावला."

"बरं," साहेब म्हणाले, आणि फाइल मिटली. ती वर गेली की नाही कोण जाणे. तीन दिवसांत खाली मात्र आली, सोबत दिलगिरीचं पत्र.

त्यानंतर बाइंडरचे दिवस सुऱ्यापाशीच जाऊ लागले. खांदा शेकायचा आणि सुरा उचलायचा. पाचशे रजिस्टरं उरली होती, आणि दिवसाला बारा कापली की सुरा खाली ठेवावा लागे. 'एवढी साधी गोष्ट,' तो स्वतःला म्हणे, 'दोन दारं होती. मूर्ख माणूस एकातून आत गेला असता. तू दोन्हींना बाहेरून कुलूप लावलंस.' बायको शेकायची पिशवी भरून आणी, खांद्यावर ठेवी आणि तिथेच उभी राही. एका दुपारी ती जरा जाऊन येते म्हणून बाहेर पडली आणि तासाभरानं आली. कुठे गेली होती हे त्यानं विचारलं नाही. विचारण्याची हौस फिटली होती.

पुढच्या गुरुवारी संचालकांची बैठक होती. महिना संपायला आठ दिवस. सचिवबाईंनी पहिला अर्ज त्याच्यापुढे सरकवला. अर्जदार होती खोकेवाली ताई, चपलांच्या दुकानांना पुठ्ठ्याची खोकी करून देणारी. बाइंडर कधी कधी तिच्याकडून पुठ्ठा घेई. कारण, जुनं कटिंग मशीन घेणे. विकणार, छापखानेवाला.

म्हणजे दुसरं गिऱ्हाईक हे.

खोलीत पंखा फिरत होता. बाइंडरच्या ध्यानात आलं की आपल्याला फार काही करायला नको. दोन शंका काढायच्या, जुन्या मशीनची पावती मागायची, अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलायचा. शंका काढण्यात त्याचा नावलौकिक होता, कोणाला संशय आला नसता. महिना संपला असता. मशीन तिलाही मिळालं नसतं. मग त्याला तिचे हात आठवले. पुठ्ठ्यानं कापलेल्या बोटांवर ती नेहमी कागदी पट्टी गुंडाळून ठेवी. खांदा तिलाही असणारच.

"माझी काही शंका नाही," तो म्हणाला. "द्या."

सरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. बेकरीवाल्यानं पाहिलं. त्या खोलीत इतकं नवल कधी घडलं नव्हतं.

"तुम्हाला द्या म्हणता येणार नाही," सचिवबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसरं पान उलटलंत का?"

त्यानं उलटलं. मशीन ठेवण्याची जागा, असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, अर्जदाराची खोली माडीवर असून जमीन एवढं वजन पेलणार नाही, म्हणून मशीन बाइंडरच्या दुकानात राहील. सकाळी अकरापर्यंत अर्जदार वापरील, पुढे दिवसभर दुकानदार, आणि हप्ता अर्धा अर्धा. खाली जागेच्या मालकाची संमती. दुकान बायकोच्या नावावर होतं. सही ठसठशीत होती, एका झटक्यात केलेली.

"हे मला..." बाइंडर म्हणाला.

"अर्जाशी संचालकाचा संबंध आहे," सचिवबाई म्हणाल्या. "बाहेर बसा."

बाइंडर बाहेर जिन्यात बसला. आत काय चाललंय ते ऐकू येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं. ही सूचनाही त्याचीच. त्यानं घड्याळ पाहिलं. खालून पावाचा गरम वास येत होता आणि त्याला अचानक सपाटून भूक लागली. इतक्यात दार उघडलं. चार मिनिटं झाली होती.

"झालं," बेकरीवाला जिना उतरता उतरता म्हणाला. "तुम्ही बाहेर असलात की कसं भराभर होतं बघा."

तो परतला तेव्हा बायको दुकानाच्या मागच्या भिंतीशी पुठ्ठ्याचे गठ्ठे सरकवून जागा करत होती. पदर खोचलेला, कपाळावर धूळ. त्यानं दुसऱ्या टोकाला हात लावला. तिनं त्याचा दुखरा हात बाजूला केला आणि चांगला पुढे घ्यायला लावला.

"मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारणार होते," ती म्हणाली. "पण महिना संपायला पंधराच दिवस राहिले होते."