बॉर्डरवरचे बाबा

“डॉक्टर, माणूस बॉर्डरवर जास्तीत जास्त किती वर्षं राहू शकतो?”

शाळेत आलेल्या डॉक्टरीणबाईंना हे विचारून दाखव, असं मैत्रिणींनी मला आव्हान दिलं होतं. मी उभी राहिले. (मी हल्ली उभी राहते.)

प्रश्न रास्त होता. बॉर्डर हा माणसाला होऊ शकणारा सर्वांत प्रतिष्ठित आजार आहे. त्याला पथ्य नाही, औषध नाही आणि फळं घेऊन कुणी भेटायलाही येत नाही. माझे बाबा गेली चार वर्षं शुगरच्या बॉर्डरवर तैनात आहेत. चार वर्षांपूर्वी उपाशीपोटीचा आकडा ११८ आला आणि तो त्यांना इतका आवडला, की त्यांनी पुन्हा रक्त दिलंच नाही. हातचा आकडा उगाच का घालवावा?

आमच्या नात्यातल्या अकरा मोठ्या माणसांची मी रीतसर पाहणी केली. बॉर्डरवर सात (बाबा आणि आत्या धरून). ‘मला काय धाड भरलीय’ या गटात तीन (यांनी कधी तपासलेलंच नाही). बॉर्डरपलीकडे एकटे मोठे काका. त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला, तेव्हा दोष बुटातल्या खड्याचा होता, यावर सर्वांचं एकमत झालं.

बॉर्डरवर राहण्याचे नियम सोपे आहेत. चहात साखर निम्मी, म्हणून चहा दुप्पट. बीपीची गोळी डोकं दुखेल त्याच दिवशी. रोज घेतली तर सवय लागते. (श्वासाची लागलेली आहेच.) आई म्हणाली, “अहो, तासाला तांब्याभर पाणी लागतं तुम्हाला, एकदा तपासून घ्या की,” तर “तपासलं की निघतंच काहीतरी!” असं म्हणून बिस्किटांचा पुडा जवळ ओढायचा. हे तर्कशास्त्र आजवर कुणालाही खोडता आलेलं नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “कोण आहे बॉर्डरवर?”

“बाबा. पण एकदम मस्त आहेत!” वर्ग रंगात आला होता, म्हणून मी हुकमी किस्सा काढला. परवा बाबा बाजारातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठे पडली, पत्ताच नाही! वर्ग खो-खो हसला.

“पडलेली कळलीच नाही? पायाला?”

“नाही.”

“बाळ, शुगर फार दिवस जास्त राहिली, की पायाची जाणीव जाऊ शकते. बॉर्डर ओलांडताना दुखत नाही, म्हणून तर मोजायचं. वेळेत औषध सुरू झालं, तर पाय, डोळे, किडन्या सांभाळता येतात.”

वर्ग अजून हसत होता. मी बसले.

घरी बाबा पाय पसरून पेपर वाचत होते. मी हळूच त्यांच्या तळव्याला पेन्सिलीचं टोक टेकवलं. जरा दाबलं.

बाबांनी पान उलटलं.

“आई, बाबा, मी निर्णय घेतलाय,” मी जाहीर केलं. “उद्या सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, लॅब. नंबर लावलेत. चार.”

“चार कुणाचे गं?” आई म्हणाली.

“बाबांचा, तुझा, आत्याचा. आणि मी हे सगळं लिहून काढणार आहे. ते वाचताना ज्याला स्वतःला सोडून बाकी सगळे नातेवाईक आठवतील, चौथा त्याचा.”