डॉक्टरीणबाईंची बारा घरं

डॉ. करुणा आपल्या दोन वर्षांच्या पोरीला वरणभात भरवण्याआधी तिची संमती घेते. थट्टा करत नाही. पोरीसमोर मांडी घालून बसते, ताट दाखवते आणि दवाखान्यातल्या आवाजात सांगते, "हा वरणभात आहे. यात तूप आहे. तू कधीही नाही म्हणू शकतेस."

बुची तत्काळ नाही म्हणते.

"नोंद झाली," म्हणत करुणाताई ताट बाजूला ठेवते आणि तो वरणभात मी खाते. यवतमाळात तिच्या खालच्या खोलीत राहायला आल्यापासून माझं वजन वाढलं, ते एका दोन वर्षांच्या नागरिकाच्या नकाराधिकारामुळे.

मी पत्रकं लिहिते. नळाचं पाणी, रस्ते, आशाताईंचं मानधन, जे पेटेल ते. त्यामुळे अन्याय मुकाट गिळणारी माणसं मला बघवत नाहीत, आणि करुणाताई तर त्यातला अव्वल नमुना. दवाखान्यात सिनियर रेसिडेंट आहे. म्हणजे एमडी झालं तरी शिकणं संपलेलं नाही आणि राबणं तर नाहीच नाही. एवढ्यानं भागलं नाही म्हणून वरून पीएचडी. नवरा नांदेडला सर्जन होतोय. महिन्यातून एकदा येतो आणि बुची त्याला 'काका' म्हणते.

त्यांच्या दवाखान्यात आयांसाठी हिरकणी कक्ष आहे. पाटी आहे, पडदा आहे, आत मोडके पंखे आहेत. मला कळल्यावर मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं : 'लेकरं पायरीवर, पंखे गादीवर!' सही मागायला वर गेले. ताईनं लाल पेन काढलं.

"सात पंखे लिहिलेस. पाच आहेत. दोन सलाईनचे स्टँड आहेत."

"ताई, मुद्दा पंख्यांचा नाहीये!"

"मग आकडा कायले लिहिला?"

सही दिली नाहीच. वर दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. आपल्याकडची क्रांती कुठं अडते विचाराल, तर मुद्रितशोधनात.

आता पीएचडीचा विषय ऐका. कापूस वेचायला जाणाऱ्या आयांची लेकरं दिवसभर कोणाजवळ असतात? हे शोधायला ही बाई स्वतःचं लेकरू माझ्या कडेवर टाकून जाते. यातला विनोद तिला एकदाही दिसला नाही. शिवाय फॉर्म भरून घ्यायची घरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली. चिठ्ठीत निघालेल्या घराला कुलूप असलं, तर पुन्हा तिथंच जायचं. शेजारणीचं दार उघडं असो, ती चहा देत असो, तिला विचारायचं नाही. चार-चार खेटे घालते. दवाखान्याच्या ड्युट्या सांभाळून!

दिवाळीनंतर दिग्रसहून सासूबाई आल्या. नातीचा हात धरून त्यांनी निकाल सुनावला. "सूनबाई, येत्या शनवारपर्यंत तुही घरं झाली त झाली. नाही त तुहे पीएचडीचे सर अजून सहा महिने वाढोतीन, अन् मी पोरीले दिग्रसले नेतो. इथं ती कोनाच्याबी हातचं खाऊन राह्यली."

'कोनाच्याबी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर पोरीच्या ताटातलं मी खाऊन राह्यलते, पण ते बोलायची वेळ नव्हती.

आणि आमची एमडी, भावी पीएचडी काय म्हणाली? "बरोबर आहे, आई." संतापानं माझी कानशिलं तापली. एक वाक्य बोलायचं ना! माझ्याकडून लिहून घ्यायचं!

बारा घरं उरली होती, सगळी कळंबजवळच्या एका गावात. शनिवारी तिनं सुट्टी काढली आणि बुचीसकट आम्ही तिघी सकाळच्या एसटीनं निघालो. दुपारपर्यंत दहा घरं झाली. रेखाबाईंच्या घराला सकाळी कुलूप होतं, दुपारीही कुलूप. नाल्यापलीकडच्या शेतात वेचायला गेली म्हणे.

"ताई, घरी बसून भर ना तो फॉर्म. कोण पाहते?"

"मी पाहते," ती म्हणाली. असल्या माणसाशी वाद कसा घालणार?

अकरावी सुमनबाई शेतातच भेटली. ताई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसली. "तुम्ही कामावर असताना बाळ कोणाजवळ असतं?"

"झाडापाशी." सुमनबाईनं बोट दाखवलं. कडुनिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी, झोळीतून बाहेर आलेला एक पाय. फॉर्ममध्ये आजी होती, भावंड होतं, अंगणवाडी होती. झाड नव्हतं. ताईनं 'इतर'वर खूण केली आणि पुढं नीट लिहिलं : कडुनिंब.

शेवटी नियमाप्रमाणं तिनं विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचं आहे?" आधीच्या दहाजणी नाही म्हणाल्या होत्या.

"हाव. तुमची पोरगी कोनापाशी राह्यते?"

ताईनं तितकंच सरळ उत्तर दिलं. "सकाळी वॉर्डातल्या मावशींजवळ. दुपारी हिच्याजवळ. माझ्याजवळ काल एक तास दहा मिनिटं. त्यातली चाळीस मिनिटं ती झोपली होती."

म्हणजे ही रोज मोजते. इतके महिने जिन्याखाली राहून, तिचं अन्न खाऊन, मला पत्ता नव्हता.

"झोपलेलंबी हिशेबात धरतेत, बाई," सुमनबाई म्हणाली. "कोनं सांगतलं धरत नाही म्हनून?"

ताईनं मांडीवरचा फॉर्म बाजूला ठेवला. माझ्या खांद्यावर बुची किरकिर करत होती. बुचीनं हात पुढं केले आणि आईच्या मांडीवर जाऊन पाच मिनिटांत झोपली.

चार वाजले. पाचला परतीची एसटी. "आण, मी धरते," मी म्हटलं. "तू नाल्यापलीकडे जाऊन ये."

तिनं नकारार्थी मान हलवली.

"घर राहील, ताई."

"राहू दे."

राहू दे म्हणजे दिग्रस. तिला माहीत होतं, मलाही. रेखाबाई राहिली तर पोरगी सासूकडे जाणार, हे सुमनबाईला मीच दोन वाक्यांत सांगितलं, रागारागात. तिनं ओटीतला कापूस गाठोड्यावर रिकामा केला आणि नाल्याकडे चालू लागली.

परत आली ती रेखाबाईला ओढत. "काय वं, माही ओळ अर्धी राह्यली! असं कोनतं काम अडलं—"

"हळू बोल. बाईची पोरगी झोपली."

रेखाबाईनं पाहिलं. आवाज गिळला. पुढ्यात येऊन उकिडवी बसली.

"घरात माणसं किती?" ताईनं कुजबुजत विचारलं.

"पाच," रेखाबाईही कुजबुजली.

ताईचा उजवा हात बुचीच्या डोक्याखाली होता. ती डाव्या हातानं लिहीत होती. पाचाचा आकडा उताणा पडला, नाव रेघ सोडून खाली घसरलं. एवढी काटेकोर बाई, पण खोडून पुन्हा लिहिलं नाही.

"हाताला मुंग्या आल्या गं," ती मला हळूच म्हणाली, आणि तो तसाच ठेवून तिनं पुढचा प्रश्न विचारला.