चार्जिंगवाले सोनटक्केकाका

सोनटक्केकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला होता आणि त्यांनी आमचा मिक्सर उलटा धरला होता. चष्मा कपाळावर सरकवून ते मिक्सरच्या बुडाची बारीक अक्षरातली पट्टी वाचत होते.

"साडेसातशे," रक्तदाब सांगावा तशा आवाजात ते म्हणाले. "चटणीपुरता ठीक हाय. ताई, गीझर किती वॉटचा?"

मी म्हटलं, "मध्यम आहे."

त्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. "अंदाज सांगू नका, ताई. आकडा सांगा."

कुवेतमधल्या एगैला भागातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे उदगीरचे. अठ्ठावीस वर्षं कुवेतच्या एका हॉस्पिटलात बायोमेडिकल टेक्निशियन आहेत, म्हणजे हॉस्पिटलातली यंत्रं आजारी पडली की त्यांना बरं करणारा माणूस. माणसांपेक्षा यंत्रांशी त्यांचं जास्त जमतं. यंत्र खोटं बोलत नाही, सुट्टी मागत नाही आणि काय दुखतंय ते दिव्यानं दाखवतं, असं ते म्हणतात. मी बँकेत कॉम्प्युटर सांभाळते आणि माझा अनुभव तिन्ही बाबतीत उलटा आहे, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही.

हॉस्पिटलात यंत्र तपासलं की त्यावर तारखेची पट्टी चिकटवतात. ही सवय काकांनी घरी आणली. कुकर, इस्त्री, माझ्या गाडीची बॅटरी, सगळ्यांवर एक हिरवी पट्टी असते: 'तपासले. पुढील तपासणी सहा महिन्यांनी.' खाली सही. लिफ्टमध्येही त्यांनी एक लावली होती, ती आमच्या हारिसनं, म्हणजे इमारतीच्या राखणदारानं, काढून टाकली. एकदा काकांच्या बाहीला चिकटलेली पट्टी सोनटक्केकाकूंच्या पाठीवर गेली. काकू नर्स आहेत, रुमैथियात एका क्लिनिकमध्ये. दिवसभर त्या तशाच फिरल्या आणि संध्याकाळी घरी येऊन काकांशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

अशा माणसानं दोन वर्षांपूर्वी एक जुनी डिलिव्हरी व्हॅन घेतली तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. ती पूर्वी एका बेकरीची होती, अजून आत शिरलं की ताज्या खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, वास येतो. काकांनी तिच्यात पलंग बसवला, घडीचं टेबल बसवलं, छोटा फ्रिज, पंखा आणि पलंगाखाली एक भलीमोठी बॅटरी. ही बॅटरी इंजिनावर भरायची. गाडी चालली की भरायची, उभी राहिली की रिकामी होत जायची.

"मग चालवत राहा ना," मी म्हटलं.

"पोरगी काम कशी करंल? हालत्या गाडीत?"

पोरगी म्हणजे मैत्रेयी. एकुलती एक. जन्म कुवेतचा, शाळा कुवेतची, नोकरी आयर्लंडमध्ये. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. वर्षातून एकदा ती दोन आठवड्यांसाठी येते. सुट्टी मात्र चार-पाच दिवसांचीच असते, बाकीचे दिवस ती इथूनच ऑफिसचं काम करते. दुपारी बारा वाजता तिच्या खोलीचं दार बंद होतं ते रात्री आठला उघडतं. मागच्या खेपेला चौदा दिवसांत मुलगी किती भेटली याचा काकांनी हिशेब केला होता. जेवणं, एक सिनेमा, विमानतळाचा रस्ता. तो आकडा त्यांनी मला सांगितला नाही, आणि काका आकडा सांगत नाहीत म्हणजे काहीतरी फार बिनसलेलं असतं.

मैत्रेयी लहान असताना हे तिघं हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी बर्रमध्ये जायचे. बर्र म्हणजे गावाबाहेरचं मोकळं वाळवंट. थंडी पडली की अर्धं कुवेत तंबू घेऊन तिथं राहायला जातं. तर मागच्या वर्षी काकांनी तिला भीतभीत विचारलं, "बर्रला जाऊ या का एक दिवस?"

ती लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली, "डेझर्टमध्ये चार्जिंग कुठेय, बाबा?"

दुसऱ्या कुठल्याही बापाला त्यात नकार ऐकू आला असता. काकांना त्यात कामाची ऑर्डर ऐकू आली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक वही आणली, पहिल्या पानावर 'मैत्रेयी' असं लिहिलं आणि खाली यादी सुरू केली. लॅपटॉप पासष्ट वॉट, दुसरा स्क्रीन पंचवीस, राउटर दहा. पुढे पंखा, फोन आणि तिच्या ओठांना लावायच्या मलमासाठी फ्रिजचा कोपरा. किती तास, किती वॉट, ढग आले तर किती, धूळ आली तर किती. तीन पानं भरली. लेकीच्या लग्नाची यादीसुद्धा लोक इतकी बारकाईनं करत नाहीत.

यादीतून निष्कर्ष निघाला की सोलर पॅनेल लागणार. छतावर कायमचं काही ठोकलं तर गाडीच्या वार्षिक तपासणीत उत्तरं देत बसावी लागतील, ही त्यांना धास्ती. शिवाय त्यांचं म्हणणं, गाडी सावलीत हवी आणि पॅनेल उन्हात, म्हणून घडीचीच बरी. मग घडीची दोन पॅनेलं आली. सूटकेससारखी उघडायची, मागं पाय टेकवून उन्हात उभी करायची आणि लांब वायरनं गाडीला जोडायची. इमारतीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये ती पहिल्यांदा पसरली तेव्हा हारिस येऊन बघून गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी शेजारी साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या.

पापड्या वाळल्या. बॅटरी भरेना.

"कामून भरंना झालीय?" काका रोज मलाच विचारायचे. ऊन तर असं की गाडीच्या दाराला हात लागला तरी चटका बसावा. आधी त्यांनी धुळीला दोष दिला. रोज पहाटे ड्यूटीला जायच्या आधी ते पॅनेलं पुसू लागले, तेही चष्म्याच्या कापडानं. मग उष्णतेला दोष दिला. पॅनेल फार तापलं की वीज कमी देतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं. हा खुलासाही टिकला नाही, कारण नोव्हेंबर आला, हवा गार झाली आणि बॅटरी होती तिथंच राहिली. काका वाळले. "पेशंट रिस्पॉन्स देत नाही," असं म्हणून ते माझ्या सोफ्यावर बसून राहायचे. फेब्रुवारीत मैत्रेयी येणार होती. हे जमलं नाही तर पुन्हा ते बंद दार, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

जानेवारी निम्मा सरला आणि निदान केलं काकूंनी. एका शुक्रवारी त्या चहा घेऊन खाली आल्या, पॅनेलच्या पाठीमागं वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हा डबा कशाचा हो?"

"कंट्रोलर हाय. बॅटरीत किती वीज सोडायची ते ठरवतो."

"आणि गाडीत भिंतीला लावलाय तो?"

"तो बी कंट्रोलरच."

"मग दोन कशाला? आमच्याकडं एकाच पेशंटला दोन डॉक्टर आपापलं औषध लिहून गेले की अस्संच होतं. दोघं एकमेकाचं वाचत नाहीत आणि पेशंट पडून राहतो."

काका पॅनेलमागं वाकले. गंमत अशी की त्यांनी तो डबा पहिल्या दिवशीच पाहिला होता. पण त्यावर कारखान्याचं चकचकीत सील होतं, आणि अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलात काम केलेला माणूस काहीही करेल, पण सील तोडणार नाही. कंपनीचं सील म्हणजे त्यांना देवळाचा गाभारा. म्हणून पॅनेलच्या डब्यातून गाळून आलेली वीज ते निमूटपणे गाडीच्या डब्याला देत होते, आणि एका टेबलानं अडवलेली फाइल दुसऱ्या टेबलानं परत पाठवावी तसं तिचं चाललं होतं.

सील तोडायला त्यांना दोन दिवस लागले. पहिला दिवस नुसताच मनाची तयारी करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हातमोजे घातले, मला साक्षीदार म्हणून उभं केलं आणि पातळ पातीनं ते सील असं काढलं, की मला वाटलं आता टाके घालणार. पाठीवरचा डबा वगळून वायर थेट गाडीच्या कंट्रोलरला जोडली, मध्ये फ्यूज टाकला. गाडीतला आकडा झरझर चढला. काकांनी काकूंना हाक मारली नाही. नुसतं वर गॅलरीकडं बघून मान हलवली.

मैत्रेयी आली. तिला गाडी दाखवली. तिनं टेबल, स्क्रीन, राउटर सगळं पाहिलं आणि म्हणाली, "यू डिड ऑल धिस? ओके. फ्रायडे." शुक्रवारी कुवेतला सुट्टी आणि आयर्लंडला कामाचा दिवस. काकूंना ड्यूटी होती. वाळवंटात एकट्या गाडीनं जायचं नाही, चाक रुतलं तर ओढायला दुसरी लागते, म्हणून माझी गाडी घेऊन मी निघाले.

जहरा गावाच्या पुढे, चांगलं नेटवर्क मिळणारी एक जागा काकांनी आधीच हेरून ठेवली होती. दूरवर पांढरे तंबू, मध्ये चुकार उंट, गार वारा. बाराला पाच मिनिटं असताना मैत्रेयी आत गेली आणि गाडीचं दार बंद झालं. वारा माइकमध्ये येतो म्हणून.

मी काकांकडे पाहिलं. वर्षभर खपून या माणसानं ते बंद दार घरातून उचलून वाळवंटात आणून ठेवलं होतं! मला खरंच राग आला, मुलीचा आणि त्याहून जास्त काकांचा.

काका मात्र कामाला लागले होते. दर वीस मिनिटांनी उठायचं, सूर्याकडे बघून पॅनेलं थोडी फिरवायची, फडक्यानं धूळ पुसायची, परत खुर्चीत. गाडीच्या मागच्या बाजूला त्यांनी एक छोटा मीटर बाहेर काढून बसवला होता, दार न ठोठावता आत किती वीज खर्च होतेय आणि पॅनेलमधून किती येतेय ते कळावं म्हणून. त्यावर त्यांची नजर खिळलेली.

"काका, हे काय?" शेवटी मी म्हणालेच. "इतकी धडपड केलीत आणि ती आतच. तुम्ही बाहेर पहारा देताय."

"आत हाय की," काका म्हणाले. "हे बघा, शंभर. दोन्ही स्क्रीन चालू हायत, म्हणजे मीटिंग चालूय. आता पंच्याहत्तर झालं, दुसरा बंद केला. आता वाचूलालीय काहीतरी." त्यांनी मीटरवरची धूळ फडक्यानं पुसली. "घरी दार लावलं की काहीच कळत नाही ना, ताई. इथं निदान दिसूलालंय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बसून मीटर बघू लागले. तुम्हाला खोटं वाटेल, पण तासाभरात मलाही मैत्रेयीचा दिवस वाचता यायला लागला.

साडेतीनच्या सुमारास आकडा एकदम उसळून सातशेवर गेला. मी दचकले. काका म्हणाले, "किटली. कॉफी करूलालीय." आणि घड्याळाकडे बघत बसले. "एक कप पाण्याला दोन मिनिटं लागतात. मोजलंय मी."

दोन मिनिटं झाली. आकडा सातशेवरच. काकांनी घसा साफ केला. तीन. चार. काकांच्या हातातलं फडकं थांबलं. सहा मिनिटांनी आकडा खाली आला.

"तीन कप," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुमचा बी धरलाय, ताई."

दार उघडलं. मैत्रेयी तीन मग सांभाळत बाहेर आली. "आय हॅव ट्वेंटी मिनिट्स," म्हणाली, आणि खुर्च्या दोनच होत्या म्हणून वाळूतच मांडी घालून बसली, बापाच्या खुर्चीला टेकून. काका लगबगीनं खुर्चीतून उतरून खाली तिच्याशेजारी बसले. ती ऑफिसातल्या कुणाबद्दल तरी तक्रार सांगू लागली, इंग्रजीत, आणि ते उदगिरी बोलीत "हौ का?" "मग?" करत ऐकू लागले.

सूर्य कलला. माझ्या गाडीची सावली सरकत सरकत एका पॅनेलवर चढली, अर्धं पॅनेल तिनं झाकलं. मीटरवर पॅनेलमधून येणाऱ्या विजेचा आकडा निम्म्यावर आला. काकांची पाठ तिकडं होती, आणि वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

शेवटी मीच कॉफीचा मग खाली ठेवला, आवाज न करता उठले, आणि पॅनेल उन्हात ओढलं.