पेंढ्यावरचे पेशंट

माझे सासरे कुठेही फिरायला गेले की आधी शेण बघतात. लोक डोंगर बघतात, समुद्र बघतात, हे काठीने शेण उकरतात आणि जाहीर करतात, "जावईबापू, हिला पेंड मिळत नाही."

हे आमचे डॉक्टर जन्मभर मावळात सरकारी पशुवैद्य होते. गावोगाव फिरून त्यांनी एकच गोष्ट सांगितली, नुसत्या पेंढ्यावर वासरू वाढत नाही. "पोट भरणं वेगळं, अंग भरणं वेगळं! आधी त्याच्या पोटातल्या जंतूंना जेवू घाला, मग जंतू त्याला जेवू घालतील." लोक माना डोलावत, चहा पाजत आणि जीप वळली की पुन्हा तोच कोरडा पेंढा टाकत. सासूबाईंनी मात्र हे व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. त्या गेल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून मंजूने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना आमच्याकडे परदेशात, अल्बनीला आणलं.

इथे येऊन ते गोंधळलेच. जिकडेतिकडे गुडघाभर हिरवं गवत. "यांना माझा काय उपयोग?" असं त्यांनी अगदी खऱ्या दुःखाने विचारलं.

पण त्या उन्हाळ्यात इथला बारमाही पाऊस रुसला. गवत करपलं आणि कुंपणापलीकडच्या ग्रॅहमने आपल्या चार गोऱ्ह्यांपुढे बार्लीचा पेंढा टाकला. शेजाऱ्यावरच्या संकटाने इतका खूश झालेला माणूस मी पाहिलेला नाही. "पोट सुटलंय, पाठ बसलीय!" म्हणत डॉक्टर माझ्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून पलीकडे गेलेसुद्धा.

दुभाषा मी, कॉम्प्युटरवाला. पोटातल्या जंतूंची पंगत इंग्रजीत वाढताना माझीच मती गुंग झाली. ग्रॅहमला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्याने पेंड आणली, उसाची गोड मळी आणली. जंतूंचा खुराक म्हणून चिमूटभर युरिया डॉक्टर स्वतः मोजून कालवत. "जास्त झाला तर विष!" असं मला रोज बजावत, जणू घमेल्यात तोंड मीच घालणार होतो.

हळूहळू फासळ्या झाकल्या. ग्रॅहम त्यांना 'डॉक' म्हणू लागला.

"सांगितलं तसं केलं गं त्याने," ते मंजूला दहादा सांगत. "पहिलाच माणूस!" मग मला म्हणत, "आता जुंपा नांगराला, बघा कसे ओढतात."

ग्रॅहमकडे नांगर नव्हता. मांसासाठीच पाळले होते ते. डॉक्टरांना हे ठाऊक होतं की नव्हतं, मला समजत नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी ग्रॅहम दारात उभा राहिला. हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. इथे घरचं जनावर कापलं की जवळच्या माणसाला वाटा देतात, मानाचा असतो तो. "पहिला तुझा, डॉक," तो म्हणाला. "तुझ्यामुळेच."

मी भाषांतर करायच्या आत डॉक्टरांना कळलं. मंजू बाहेर आली आणि तशीच आत गेली. मी पुडकं घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी ते आपल्याच दोन्ही हातांत घेतलं.

"विचारा त्याला," ते म्हणाले, "वजन किती भरलं?"

ग्रॅहमने अभिमानाने आकडा सांगितला.

"छान भरलं," डॉक्टर म्हणाले. "फार छान भरलं हो." आणि पुडकं छातीशी धरून ढसाढसा रडू लागले.

ग्रॅहम घाबरला. "काय झालं? काय म्हणतोय डॉक?"

"आभार मानतायत," मी म्हणालो.