लाल पट्टीची गाठ

शनिवारी संध्याकाळी तपासनीस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःला तपासत होते, आणि निकाल वाईट लागत होता.

समोर कारखान्यातून आलेला दोन पानी तक्ता होता. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आपली कौशल्ये आपणच ओळखा'. खाली चोवीस कौशल्यं, आणि प्रत्येकापुढे आपले आपणच एक ते पाच गुण भरायचे. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे आनंदीआनंद. ज्यांचे गुण कमी त्यांना सहा आठवड्यांचं शिक्षण मिळणार होतं. शिक्षणानंतरही प्रगती दिसली नाही तर 'व्यवस्थापन योग्य तो विचार' करणार होतं. व्यवस्थापन उगाच विचार करत बसत नाही, हे सगळ्यांना अनुभवाने ठाऊक होतं. नव्वद माणसांतली बारा कमी करायची आहेत ही बातमी तक्त्याच्या आधीच सगळीकडे पोचली होती. तपासनीसांना चोपन्न वर्षं पूर्ण झाली होती, निवृत्तीला चार उरली होती, आणि या वयात त्यांना दुसरीकडे कोणी दारात उभं केलं नसतं.

कारखाना गॅसच्या शेगडीला बसतात ते व्हॉल्व्ह बनवायचा. तेवीस वर्षं प्रत्येक व्हॉल्व्ह तपासनीसांच्या हाताखालून जात होता. त्यात हवा भरायची, तो पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की लाल पट्टी बांधून बाजूला. माणसं त्यांना मागून 'लालपट्टी' म्हणत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी 'छान' असा शब्द निघाला नव्हता, कारखान्यात नाही आणि घरीही नाही. जेवायला बसले की भाजीचा पहिला घास घेऊन ते म्हणत, "मीठ जरा कमी." बायकोने दुसऱ्या दिवशी मीठ वाढवलं की म्हणत, "आज जरा जास्त." तीही तेवीस वर्षं ऐकून घेत होती, कारण शेजारच्या चार घरांचे कपडे शिवून देताना तिला भांडायला वेळ मिळत नसे.

तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातला पॅकर आला. तो त्याच कारखान्यात व्हॉल्व्ह खोक्यात भरायचं काम करायचा. तो आपला तक्ता पाच मिनिटांत भरून मोकळा झाला होता. त्याने चोवीसच्या चोवीस ठिकाणी पाच लिहिले होते, तेही न वाचता.

"दादा, एवढा विचार कसला करताय?" तो म्हणाला. "सगळ्यांनी पाच ठोकलेत. तिथे कोण तपासतंय?"

"मी तपासतोय," तपासनीस म्हणाले.

आणि त्यांनी खरोखरच तपासलं. बायकोला समोरच्या भिंतीपाशी वर्तमानपत्र धरून उभं केलं. त्यांना मथळे वाचता आले, त्याखालचं काही वाचता आलं नाही. 'दृष्टी व निरीक्षण' यापुढे त्यांनी दोन लिहिले. काठोकाठ भरलेला पेला घेऊन ते दारापर्यंत चालत गेले आणि परत येताना पाणी सांडलं, म्हणून हाताच्या स्थिरतेला दोन. 'संवाद' हा शब्द आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, की गेल्या आठवड्यात मी तुझ्याशी काय काय बोललो? ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, की मीठ, दिवा बंद कर, आणि पुन्हा मीठ. संवादाला त्यांनी एक दिला. शेवटी 'तपासणी' हे कौशल्य आलं. ज्या कामावर आयुष्य काढलं त्यापुढे पेन बराच वेळ थांबलं. मग त्यांनी तिथेही दोन लिहिले. आपण किती कठोर आणि किती निःपक्षपाती आहोत, याचं त्यांना मनातल्या मनात समाधान वाटलं, आणि व्यवस्थापनालाही ते दिसेल अशी त्यांची खात्री होती.

"हे कागद तुम्हाला घरी बसवणार," बायको म्हणाली, आणि सांडलेलं पाणी पुसायला लागली.

व्यवस्थापनाला मात्र फक्त बेरीज दिसली. नव्वद माणसांत सर्वात कमी गुण तपासनीसांचे होते, इतके कमी, की मनुष्यबळ खात्यातल्या बाईंना आधी वाटलं यंत्रात काहीतरी बिघाड आहे. वर्गात घालण्याइतके कमी गुण दुसऱ्या कोणाचेच नव्हते. त्यामुळे सहा आठवड्यांच्या शिक्षणाला ते एकटेच बसले. त्यांच्या जागी कोणाला उभं करायचं हा प्रश्न आला, तेव्हा बाईंनी 'तपासणी'त पाच गुण असलेल्यांची यादी काढली. त्यात स्वयंपाकी आणि माळीसुद्धा होते. पॅकर त्यातल्या त्यात व्हॉल्व्हच्या जवळ उभा राहायचा, म्हणून त्याला नेमलं. आणि बाईंनी त्याच पत्रात हेही लिहिलं, की तपासनिसाची जागा एकच आहे, सहा आठवड्यांनी दोघांतल्या ज्याची कामगिरी सिद्ध होईल तो राहील.

पहिल्याच संध्याकाळी पॅकर पाठीमागच्या दाराने आला. त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि चेहरा उतरला होता. दिवसभरात दोनशे व्हॉल्व्ह झाले होते. त्याने ते सगळे पाण्यात बुडवून पाहिले होते, पण त्याला एकतर सगळ्यांतून बुडबुडे येताना दिसत होते, नाहीतर एकाही व्हॉल्व्हमधून येत नव्हते. खोकी सकाळी भरली जाणार होती. तोवर माल घेऊन तो इथे आला होता. फाटकावर त्याची पिशवी कोणी उघडून पाहिली नव्हती, कारण 'प्रामाणिकपणा'पुढेही त्याने पाच लिहिले होते आणि पाच गुणवाल्यांची झडती घेऊ नये असा नवा नियम निघाला होता.

तपासनीसांना त्याला हाकलून द्यायला हवं होतं. हा माणूस त्यांच्याच जागेवर उभा होता. पण पिशवीतला एखादा गळका व्हॉल्व्ह उद्या कोणाच्या तरी शेगडीला लागणार आणि कोणीतरी काडी ओढणार, हे त्यांना नको असतानाही दिसत होतं. त्यांनी बादली भरून घेतली आणि सायकलचा पंप काढला.

मग रोज हेच चाललं. दिवसा तपासनीस एका रिकाम्या खोलीत बसून आत्मविश्वासाचे धडे घ्यायचे. पडद्यावरची बाई सांगायची, आरशासमोर उभे राहा आणि म्हणा, मी उत्तम आहे. त्यांनी आरसा तपासला. तो वरच्या कोपऱ्यात वाकडा होता, तसं त्यांनी वहीत लिहून ठेवलं. संध्याकाळी घरी आले की टेबलावर दोनशे व्हॉल्व्ह. ते बुडवून बघायचे आणि पुढे सरकवायचे. बायको शिवण बाजूला ठेवून व्हॉल्व्ह फडक्याने पुसायची आणि पिशवीत भरायची. नापास झालेले टेबलाखालच्या खोक्यात जायचे, कारण दुरुस्तीवाले ते शनिवारीच घ्यायचे. पॅकर कोपऱ्यात बसून पुन्हा पुन्हा सांगायचा, की दादा, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

विसरला नाही, पण उपकार भलतीकडेच लागले. सहा आठवड्यांत बाहेरून एकही तक्रार आली नाही. त्याआधीच्या वर्षात सात आल्या होत्या, आणि त्या सातही वेळी तपासनीसांनी गिऱ्हाइकालाच दोष दिला होता. आता फलकावर पॅकरचा फोटो लागला. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की माणसाने स्वतःला ओळखलं तर काय होऊ शकतं याचं हे उदाहरण आहे.

त्या संध्याकाळी तपासनीस घरी आले ते रागातच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपली बाजू मांडावीशी वाटत होती. शेवटचा तक्ता सकाळी द्यायचा होता. त्यांनी 'तपासणी'पुढे पाच लिहिले. आकडा काढताना हात अडखळला, इतकी त्या आकड्याची सवय नव्हती. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी निवेदन लिहायला घेतलं, की हे सर्व व्हॉल्व्ह मी घरी तपासले आहेत. पॅकरची नोकरी जाईल हे त्यांना कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण आता गप्प राहिलो तर चार वर्षं खाणार काय, असा प्रश्न होता. पुरावा म्हणून त्यांनी आठवडाभराचे नापास मोजायला टेबलाखालचं खोकं वर घेतलं.

मोजता मोजता ते थांबले. त्यांची गाठ दुहेरी असायची, ओढून घट्ट केलेली. खोक्यातल्या काही पट्ट्यांची गाठ मात्र बारीक होती, दोरा बोटाभोवती फिरवून मारलेली, कपडे शिवणाऱ्यांची असते तशी. डोळ्यांना नीट दिसेना म्हणून त्यांनी बोटांनी चाचपून त्या वेगळ्या काढल्या. एकोणीस निघाल्या.

"या गाठी माझ्या नाहीत," ते म्हणाले.

बायको शिवत होती. तिने मान वर केली नाही. "मग बुडवून बघा," ती म्हणाली.

त्यांनी बुडवलं. त्यांना काहीच दिसलं नाही. मग तिने उठून त्यांचं बोट धरलं आणि पाण्यात व्हॉल्व्हच्या कडेपाशी नेऊन ठेवलं. बोटाला बुडबुडा लागला, राईएवढा, आणि थोड्या वेळाने दुसरा. एकोणीसच्या एकोणीस व्हॉल्व्ह तसेच होते. तेवीस वर्षं दुसऱ्याचे दोष दाखवत आलेला माणूस हात बादलीत ठेवून तसाच बसून राहिला. गेल्या वर्षीच्या सात तक्रारी त्यांना एकेक करून आठवल्या.

"सांगितलं का नाहीस?"

"पुसायच्या आधी मी परत बघत होते. उद्यापर्यंत गप्प राहणार होते. नोकरी टिकू दे म्हटलं, मग बघू."

"पण मी दोन लिहिले होते की. डोळ्यांना दोन, तपासणीला दोन."

"लिहिले होतेत," ती म्हणाली. "मानले नव्हतेत."

त्यांनी पाच खोडले आणि एक लिहिला. निवेदनावरही काट मारली.

सकाळी बाईंनी तक्ता दोनदा वाचला. शिक्षणानंतर गुण आणखी उतरलेला माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. "काका, आता तरी चार लिहा हो," त्या अगदी कळवळून म्हणाल्या, "मला वर काहीतरी दाखवायला हवं." काकांनी सांगितलं, की माल गळका आहे बाई, लाल पट्टी बांधा. बारा जणांच्या यादीतली अकरा नावं व्यवस्थापनाने आधीच ठरवून ठेवली होती, शेवटचं त्यांचं लागलं. तेवीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं, त्यात बरीचशी लाल पट्टीच होती.

पॅकर जागेवर कायम झाला, आणि तपासनीसांनी त्याला खोक्यातल्या बायकोच्या गाठी दाखवल्यावर आणखीच घाबरला. आता पिशव्या कोणाकडे न्यायच्या? शेवटी त्याने बाईंना जाऊन सांगितलं, की काम वाढलंय, तासावर का होईना, एक मदतनीस द्या, आणि माझ्या माहितीत एक बाई आहेत. तसा तपासनीसांच्या घरी पुन्हा एक तक्ता आला. या खेपेला टेबलाशी बायको बसली होती आणि तपासनीस भिंतीपाशी वर्तमानपत्र धरून उभे होते. तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवलं, अगदी कोपऱ्यातल्या जाहिरातीसुद्धा.

"तपासणीपुढे पाच लिही," ते म्हणाले. "तुला मी देतो पाच. कोणाला दिले नाहीत आजवर."

ती विचारात पडली. "नको, चार बरे. त्या दिवशी एक माझ्याही हातून सुटला होता. परत बघितला म्हणून सापडला."

सोमवारी ती कामावर गेली. तिचा डबा तपासनीसांनी भरला. दिवसभर ते घरात फिरत राहिले. कारखान्याचा भोंगा झाला की उठायचे आणि पुन्हा बसायचे. संध्याकाळी ती आली, हात धुतले आणि रिकामा डबा टेबलावर ठेवला. डब्याच्या कडीला लाल पट्टी बांधलेली होती.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"जरा कमी," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. डबा घासायला घ्यायचा म्हणून ते पट्टी सोडायला लागले. दिव्याखाली धरली, डोळ्यांजवळ नेली, नखाने चाचपली, पण गाठ त्यांना सापडेना. बायकोने थोडा वेळ पाहिलं. मग तिने डबा त्यांच्या हातून घेतला, गाठ सोडली आणि पट्टी घडी करून त्यांच्या खिशात ठेवली.